ओव्हलवरचे ६०० मैल: शार्लटच्या शर्यतीत नक्की काय बघायचं?

शार्लटकर

मे महिना लागला की इथल्या, म्हणजे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या, मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. मेमोरियल डेच्या (कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा सोमवार) आदल्या दिवशी, रविवारी, ती मोठी शर्यत असते ना, ती बघण्यासारखी असते का? आणि त्याला जोडूनच दुसरा: चार तास गाड्या नुसत्या डावीकडे वळतात, त्यात बघायचं काय? पॉटलकमध्ये ताट हातात घेऊन याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून हा धागा.

कोका-कोला ६०० ही नासकारच्या (स्टॉक कार शर्यती भरवणारी अमेरिकन संस्था) वर्षभराच्या वेळापत्रकातली सर्वात लांब शर्यत. १९६० पासून होते आहे. शार्लट मोटर स्पीडवे हा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, खरं तर शेजारच्या कॉनकॉर्डमध्ये. एक फेरी दीड मैलाची, म्हणजे ६०० मैलांना ४०० फेऱ्या. वळणांवर ट्रॅक २४ अंश तिरका. टीव्हीवर हा उतार अजिबात दिसत नाही, कॅमेरा तो सपाट करून टाकतो. ट्रॅकवर पायी जायची संधी मिळाली तर वळणाच्या खालच्या कडेपासून भिंतीपर्यंत चढून बघा. पुढे झुकूनच चढावं लागतं, आणि वर पोचल्यावर खाली उभी असलेली माणसं बरीच खाली गेलेली दिसतात. याच उतारामुळे दीड टन वजनाची गाडी ताशी २९० किलोमीटरच्या आसपास वळण घेऊ शकते. एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटात संपते.

हा ट्रॅक बांधतानाच मालकांच्या नाकी नऊ आले होते. ब्रूटन स्मिथ आणि कर्टिस टर्नर या दोघांनी काम काढलं आणि जमिनीखाली ग्रॅनाइट निघाला. सुरुंग लावण्यातच पैसा आणि वेळ गेला. शर्यत मेऐवजी १९ जून १९६० ला झाली. डांबर पुरतं मुरलेलं नव्हतं, शर्यत सुरू असतानाच ते उखडायला लागलं. उडणाऱ्या तुकड्यांपासून वाचायला गाड्यांच्या तोंडाला जाळ्या लावल्या होत्या. जो ली जॉन्सन जिंकला, तोही चार फेऱ्यांच्या फरकाने. इतर गाड्या वाटेतच मोडल्या होत्या.

आता मुद्द्याचं. शर्यत संध्याकाळी सहाच्या सुमारास उन्हात सुरू होते आणि रात्री दिव्यांखाली संपते. कॅरोलिनातलं मेअखेरचं ऊन कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. डांबर तापलेलं असतं आणि तापलेल्या डांबरावर टायरची पकड कमी, गाड्या घसरतात. सात-साडेसातला ग्रँडस्टँडची सावली ट्रॅकच्या एका भागावर येते. मग एका टोकाचं वळण गार आणि दुसऱ्या टोकाचं अजून गरम, असं काही वेळ चालतं. अंधार पडला की सगळाच ट्रॅक गार होतो, पकड वाढते, वेग वाढतो आणि गाडीचा स्वभाव बदलतो. उन्हात उत्तम चालणारी गाडी रात्री वळायला कुरकुर करते. ज्या संघाने उन्हासाठी गाडी बसवली तो पहिल्या १०० फेऱ्यांत पुढे असतो, आणि रात्री तोच मागे सरकताना दिसतो. रात्रीच्या हिशेबाने गाडी बसवलेला संघ उन्हात निमूटपणे मार खातो.

ओव्हलवर बघायचं असतं ते हे. वळण तेच, पण दर पन्नास फेऱ्यांनी ते वेगळं होतं, आणि कोणाला ते आधी कळलं हे डोळ्यांना दिसतं. एफ-वनसारखी वीस वेगवेगळी वळणं इथे नसतात, त्यामुळे गाडीतला फरक लपायला जागाच नाही.

२०२५ ची शर्यत याचा नमुना. रॉस चास्टेनचा शनिवारी सरावात टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. संघाने रात्र घालवून राखीव गाडी उभी केली. नियमाप्रमाणे त्याला सर्वात मागून, ४० व्या जागेवरून सुरुवात करावी लागली. समोर विल्यम बायरन. शार्लटचाच मुलगा. ही शर्यत चार टप्प्यांत होते, त्यातले पहिले तिन्ही त्याने जिंकले आणि ४०० पैकी २८३ फेऱ्या तो आघाडीवर होता. शेवटच्या सहा फेऱ्या उरल्या असताना चास्टेनने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. शेवटून सुरुवात करून ही शर्यत जिंकणारा तो पहिलाच. चास्टेनचं घराणं फ्लोरिडातलं, पिढ्यान् पिढ्या कलिंगडं पिकवणारं. जिंकला की तो गाडीवर चढून कलिंगड आपटून फोडतो. त्या रात्रीही फोडलं.

राखीव गाडीला सरावाची एक फेरीही मिळालेली नव्हती. म्हणजे पहिल्या फेरीपासून ड्रायव्हर रेडिओवर सांगतोय, क्रू चीफ (संघाचा तांत्रिक प्रमुख) ऐकतोय, आणि दर पिट स्टॉपला, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाडी थांबली की, थोडा थोडा बदल होतोय. सहाशे मैल होते म्हणून हे जमलं. तीनशे मैलांच्या शर्यतीत त्या गाडीला वेळच पुरला नसता, असं माझं ठाम मत आहे.

पोल पोझिशन, पुणे

धागा आवडला. मी वर्षानुवर्षं एफ-वन बघतो, त्यामुळे प्रश्न मनापासून विचारतोय. एफ-वनमध्ये ब्रेकिंग पॉइंट, ओव्हरटेकिंगच्या जागा, पावसातले टायर, डावी-उजवी वळणं असं सगळं असतं. ओव्हलवर ब्रेकसुद्धा फारसा लागत नसेल. मग ड्रायव्हरचं कसब नेमकं कुठे दिसतं? संघाने गाडी बदलली हे समजलं, पण स्टिअरिंगमागच्या माणसाचं काय?

शार्लटकर

रास्त प्रश्न. तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे रेघ. खालच्या कडेने गेलात तर अंतर कमी, भिंतीलगत गेलात तर अंतर जास्त पण वेग टिकतो. शर्यत पुढे सरकते तशी डांबरावर रबर बसत जाते आणि सर्वात चांगली रेघ वर-खाली सरकते. चांगला ड्रायव्हर ती दुसऱ्यांच्या आधी शोधतो. वरच्या रेघेवर उजवी बाजू भिंतीपासून वीतभर ठेवून ताशी २९० ने चारशे फेऱ्या. त्यात एक जरी चुकली तरी टायर फाटतो किंवा उजवी बाजू चेपते.

दुसरी, हवा. पुढच्या गाडीच्या मागे लागलात तर सरळ रस्त्यावर फायदा होतो, पण वळणात तुमच्या गाडीच्या नाकावर हवेचा दाब कमी पडतो आणि गाडी वळत नाही. म्हणून मागच्याला वेगळी रेघ धरावी लागते आणि पुढचा आरशात बघून तीच रेघ अडवतो. बरोबरीने दोन गाड्या वळणात शिरल्या की एकीची हवा दुसरीला हलवते. डाव्या हाताच्या गाडीची शेपटी त्यामुळे सुटू शकते. हे सगळं आजूबाजूला पस्तीस-चाळीस गाड्या असताना.

तिसरी, सांगता येणं. ड्रायव्हरला रेडिओवर नेमकं सांगता यावं लागतं: वळणात शिरताना अशी, मध्यावर तशी, बाहेर पडताना गॅस दिला की अमुक. हे धड सांगता आलं नाही तर क्रू चीफ अंधारात चाचपडतो.

ब्रेकबद्दल: शार्लटला कमी लागतो, डेटोना-टॅलाडेगाच्या मोठ्या ओव्हलवर पिटमध्ये येताना सोडला तर लागतच नाही म्हणा. पण मार्टिन्सव्हिलला ब्रेक लाल होतात. अर्ध्या मैलाचा तो ट्रॅक, लांब सरळ आणि चिमटीसारखी वळणं. ओव्हल म्हणजे एकच प्रकार नव्हे.

जुना फिटर

चिंचवडला सस्पेन्शनच्या सुट्या भागांत आयुष्य गेलं, म्हणून त्या बाजूने लिहितो.

आपली रोजची गाडी दोन्ही बाजूंनी सारखी असते. ओव्हलची गाडी मुद्दाम वाकडी बसवलेली असते. फक्त डावीकडे वळायचं असल्यामुळे चारही चाकांचे कोन वेगळे. उजवी चाकं वरून आत झुकलेली, डावी चाकं वरून बाहेर. वळणात भार उजव्या बाजूला जातो म्हणून गुडइयर उजव्या आणि डाव्या बाजूचे टायर वेगवेगळे बनवते. अशी गाडी सरळ रस्त्यावर सोडली तर आपोआप डावीकडे ओढते.

आता टाइट आणि लूज. टाइट म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी नाक वळत नाही, गाडी भिंतीकडे निघते. लूज म्हणजे मागची चाकं सुटतात, गाडी फिरायला बघते. शार्लटला अंधार पडल्यावर गाड्या सहसा टाइट होतात.

उपाय काय? पिटमध्ये गाडी आली की एक माणूस मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालतो आणि अर्धा-एक फेरा फिरवतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या गडबडीत हे काय? त्याला वेज म्हणतात. खाली मागच्या स्प्रिंगवर एक मोठा स्क्रू असतो, तो त्या चाकावरचा दाब वाढवतो किंवा कमी करतो. घरातल्या डगमगत्या टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला कागद सरकवला की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातो, नेमकं तसं. डावं मागचं आणि उजवं पुढचं यांच्यावर भार वाढवला की गाडी टाइट होते, कमी केला की मोकळी होते. पान्याचा अर्धा फेरा आणि टायरमधली हवा थोडी कमी-जास्त, एवढ्यावर रात्रीची शर्यत फिरते. इतक्या छोट्या बदलाचा इतका मोठा परिणाम शॉप फ्लोअरवर सहज बघायला मिळत नाही. मला या खेळाचं कौतुक आहे ते यासाठी.

मृण्मयी, कॉनकॉर्ड

फिटरकाका, किती छान समजावलंत! एवढे सीझन बघूनही वेज असं कधी कळलं नव्हतं.

पिट क्रूबद्दल मी सांगते, कारण माझा जीव तिथे अडकलेला असतो. भिंतीवरून पाचजण उड्या मारतात: दोघं टायर बदलणारे, एक टायर वाहणारा, एक जॅकवाला, एक पेट्रोल भरणारा. जॅकवाला धावत जातो आणि एका दमात गाडी उचलतो. आधी उजवी बाजू, मग पुढून वळसा घालून डावी. २०२२ पासून नवी गाडी आली, तिच्या चाकाला पाच नटांऐवजी मध्यभागी एकच मोठा नट असतो. चारही टायर आणि टाकी भरणं, सगळं दहा-अकरा सेकंदांत. यातले बरेचजण कॉलेजात फुटबॉल किंवा इतर खेळ खेळलेले असतात. संघ त्यांना निवडून आणतात, रोज सराव, जिम, व्हिडिओ बघून पावलं सुधारणं. इथे मूर्सव्हिल-कॉनकॉर्डकडे किराणा आणायला गेलं तरी संघाचा शर्ट घातलेलं कोणीतरी दिसतंच.

पिट रोडवर वेगाची मर्यादा असते आणि ती ओलांडली तर शिक्षा. गंमत म्हणजे गाडीत स्पीडोमीटरच नसतो. इंजिनाच्या आरपीएमवरून ड्रायव्हरने वेग ओळखायचा. मर्यादेच्या काठाकाठाने चालवणारा पिट रोडवरच एखाद-दुसरी जागा कमावतो.

टीव्हीवर हे सगळं तुकड्यातुकड्यांत दिसतं. प्रत्यक्ष गेलात तर एक पिवळा झेंडा (अपघात वगैरे झाला की सगळ्यांनी हळू चालायची खूण) तरी पिटच्या समोर बसून बघा. सगळ्या गाड्या एकदम आत येतात. दहा सेकंदांत कोण चौथ्यावरून पहिल्यावर आला आणि कोण अकराव्यावर गेला, हे बघताना अंगावर काटा येतो.

नर्मदातीर

वाचतोय. एक विचारू का? माझी पत्नी हे बघायलाच तयार नाही, माणसं मरतात म्हणते. कितपत खरं?

शार्लटकर

वहिनींची भीती निराधार नाही. २००० ते २००१ हा या खेळातला सर्वात वाईट काळ होता. मे २००० मध्ये ॲडम पेटी, वय अवघं १९, न्यू हॅम्पशायरला सरावात गेला. या खेळातला दिग्गज रिचर्ड पेटी याचा नातू, चौथ्या पिढीचा ड्रायव्हर. दोन महिन्यांनी त्याच ट्रॅकवर केनी अर्विन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर. आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणात डेल अर्नहार्ट.

अर्नहार्ट म्हणजे सात वेळचा विजेता, काळी तीन नंबरची गाडी, या भागातला देवच. त्या क्षणी तो तिसरा होता. पुढे दोघं: मायकल वॉल्ट्रिप, जो अर्नहार्टच्याच मालकीच्या संघाची गाडी चालवत होता, आणि मुलगा डेल ज्युनिअर. वॉल्ट्रिप जिंकला. ती त्याच्या कारकिर्दीतली पहिली जिंक. अपघात बघताना तो इतका भयंकर वाटतच नाही. गाडी उजवीकडे वळून भिंतीवर आदळते आणि खाली घरंगळते, बस. पण धड पट्ट्यांनी जागेवर राहिलं आणि डोकं पुढे फेकलं गेलं. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर. आधीच्या काही मृत्यूंचं कारणही असंच होतं.

यावर उपाय होता. हान्स नावाचं उपकरण, खांद्यांवर बसणारी एक कॉलर, जिला हेल्मेट पट्ट्यांनी जोडलेलं असतं. डोकं धडाबरोबरच थांबतं. पण ते सक्तीचं नव्हतं, आणि अडचणीचं वाटतं म्हणून बरेचजण वापरत नसत. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला इथेच, शार्लटच्या ट्रॅकवर, एआरसीए मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर गेला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नासकारने सक्ती केली. मग सेफर भिंती आल्या: काँक्रीटच्या भिंतीपुढे स्टीलच्या नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे. नेब्रास्का विद्यापीठाच्या अभियंत्यांचं काम. २००२ मध्ये प्रथम इंडियानापोलिसला लागल्या, नंतर सगळीकडे.

अर्नहार्टनंतर नासकारच्या मुख्य मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर गेलेला नाही. २०२० च्या डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत रायन न्यूमनची गाडी उलटली आणि दुसऱ्या गाडीने थेट त्याच्या बाजूवर धडक दिली. ते बघून सगळे धास्तावले होते. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून चालत हॉस्पिटलबाहेर आला. वहिनींना तो फोटो दाखवा. धोका संपलाय असं मी म्हणणार नाही, पण या खेळाने मृत्यूंकडून शिकून प्रत्यक्ष काम केलं आहे.

अबोली_रॅली

मी रॅली शहरात (नॉर्थ कॅरोलिनाची राजधानी) असते. इथे विचारावं की नाही असा विचार करत होते, पण आपलीच माणसं आहेत म्हणून विचारते. कॉन्फेडरेट झेंडे (गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचे), एका विशिष्ट प्रकारचा जमाव, हे सगळं ऐकून आहे. आपल्यासारखे दिसणारे लोक मुलांना घेऊन तिथे गेले तर कसं वाटतं? खरं सांगा.

मृण्मयी, कॉनकॉर्ड

अबोली, बरं झालं विचारलंस. अनेकजणी मनात ठेवतात.

ते झेंडे इनफील्डमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या मधल्या मैदानात, वर्षानुवर्षं फडकायचे, हे खरंच आहे. जून २०२० मध्ये नासकारने सर्व ट्रॅकवर त्यांना बंदी घातली. बबा वॉलेसने जाहीरपणे मागणी केली आणि दोन-तीन दिवसांत निर्णय झाला. मुख्य मालिकेत पूर्ण वेळ चालवणारा तेव्हाचा तो एकमेव कृष्णवर्णीय ड्रायव्हर. त्याने काय काय ऐकून घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो टॅलाडेगाला जिंकला.

पण त्याच्या आधी वेंडेल स्कॉट होता, आणि त्याची गोष्ट प्रत्येकाने वाचावी असं मला मनापासून वाटतं. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. टॅक्सी चालवायचा, दुसऱ्या महायुद्धात लष्करात गाड्यांची कामं केली. स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायची, जुने टायर, जुने भाग, मदतीला मुलं. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो जिंकला, पण जिंकल्याचा चौकटीचा झेंडा त्याला दाखवलाच नाही. बक बेकरला विजेता जाहीर करून ट्रॉफी दिली. प्रेक्षक निघून गेल्यावर, काही तासांनी, हिशेब चुकला होता आणि स्कॉटच जिंकला, असं मान्य केलं. त्याची ट्रॉफी त्याला कधीच मिळाली नाही. १९९० मध्ये तो गेला. २०१५ मध्ये शार्लटमधल्या नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली आणि २०२१ मध्ये, जवळजवळ ५८ वर्षांनी, डेटोनाला त्याच्या कुटुंबाच्या हातात ट्रॉफी दिली गेली. हॉल ऑफ फेममध्ये त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा मला दर वेळी राग आणि अभिमान दोन्ही वाटतं.

आता तुझा प्रश्न. आम्ही मुलांना घेऊन जातो. ग्रँडस्टँडमध्ये आजवर कोणी वाकडं बोललेलं नाही. उलट शेजारच्या आजोबांनी आमच्या मुलाला स्कॅनर (संघांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) लावून दिला आणि कोण काय बोलतंय ते समजावत बसले. गर्दी अजून मोठ्या प्रमाणात गोरी आहे हे तुला दिसेलच. इनफील्डमधल्या रात्रीच्या पार्ट्यांत मी लहान मुलांना नेणार नाही, पण त्याचं कारण दारू.

अबोली_रॅली

मृण्मयी, मनापासून आभार. वेंडेल स्कॉटबद्दल काहीच माहीत नव्हतं. डॅनव्हिल तर इथून फार लांब नाही.

रानवारा

थोडं अवांतर, पण आपल्याकडच्या वाचकांसाठी. नारायण कार्तिकेयन, एफ-वनमधला पहिला भारतीय, २०१० मध्ये नासकारच्या ट्रक मालिकेत चालवून आला आहे. पिकअप ट्रकच्या आकाराच्या गाड्यांची ही मालिका. त्याची पहिली शर्यत मार्टिन्सव्हिलला होती, तेरावा आला. ज्याने कारकीर्द डाव्या-उजव्या वळणांच्या ट्रॅकवर घडवली त्याने अर्ध्या मैलाच्या ओव्हलवर, इतक्या गर्दीत, पहिल्याच खेपेला तेरावं येणं ही मोठी गोष्ट. त्या हंगामात सर्वात लोकप्रिय ड्रायव्हरचा पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर त्यालाच मिळाला. भारतातून भरभरून मतं पडली होती.

आणि मार्टिन्सव्हिलचा विषय निघालाच आहे तर चास्टेनची ती भिंतीवरची फेरी कोणीतरी नीट लिहा ना!

शार्लटकर

लिहितो, लिहितो.

३० ऑक्टोबर २०२२. हंगामातली शेवटून दुसरी शर्यत. पुढच्या रविवारी फिनिक्सला अंतिम चौघांत विजेतेपद ठरणार होतं, आणि चौथ्या जागेसाठी चास्टेन आणि डेनी हॅमलिन यांच्यात गुणांची ओढाताण होती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा चास्टेन दहावा. त्याला दोन जागा वर जायला हवं होतं आणि सरळ मार्गाने ते शक्य नव्हतं.

तिसऱ्या वळणाला सगळे ब्रेक दाबतात. याने पाचवा गिअर टाकला, गॅस पूर्ण दाबला, गाडीची उजवी बाजू भिंतीला टेकवली आणि स्टिअरिंग सोडून दिलं. भिंतीनेच गाडी वळवली. बाकीचे खाली रांगेत हळू वळतायत आणि हा वरून भिंत खरवडत दुप्पट वेगाने निघालाय. पाच गाड्या मागे पडल्या. त्यातली शेवटची हॅमलिनची, अगदी रेषेवर. ती फेरी १८.८४५ सेकंदांची भरली. त्या ट्रॅकवर स्टॉक कारने इतक्या वेगाने फेरी कधीच मारलेली नव्हती, पात्रता फेरीतसुद्धा नाही.

नंतर त्याने सांगितलं की लहानपणी गेमक्यूबवर नासकारचा २००५ चा गेम खेळताना असं करायचो. पुढच्या हंगामाआधी नासकारने स्पष्ट केलं की यापुढे असं केल्यास दंड होईल. मला तो निर्णय पटतो. भिंतीचं दार, कुंपणाचा खांब, काहीही आडवं आलं असतं तर प्रेक्षकांच्या जिवावर बेतलं असतं. पण त्या दिवशी नियम मोडलेला नव्हता, आणि असं धाडस त्याच्याआधी कोणी यशस्वी करून दाखवलेलं नव्हतं. विजेतेपद मात्र जोई लोगानोला मिळालं, चास्टेन दुसरा.

म्हणूनच २०२५ ची शार्लटची जिंक मला जास्त मोलाची वाटते. मार्टिन्सव्हिलला एका वळणाचं धाडस होतं. शार्लटला चारशे फेऱ्यांचा संयम होता, एकेक गाडी ओलांडत.

पोल पोझिशन, पुणे

काल रात्री २०२५ च्या शेवटच्या पन्नास-साठ फेऱ्या यूट्यूबवर बघितल्या, फिटरकाकांची पोस्ट शेजारी उघडी ठेवून. आता वेगळं दिसलं. कोणाची गाडी वळणाच्या मध्यावर वर सरकतेय, कोणाची खाली चिकटून राहतेय, हे ओळखता येऊ लागलं. मी एफ-वन सोडणार नाही, पण ओव्हलवर काही घडत नाही हे आता मला मान्य नाही.

एक शंका: आघाडीच्या गाडीला समोरची हवा मोकळी मिळते, म्हणजे तिलाच फायदा. मग शेवटी गाठता कसं येतं?

जुना फिटर

फायदा असतोच, पण आघाडीवरच्याला फेरीभर मागे पडलेल्या गाड्या आडव्या येतात. त्यांना ओलांडताना त्याचीही हवा बिघडते आणि रेघ सोडावी लागते. मागचा तेवढ्यात जवळ येतो. शिवाय टायर. लांब पल्ल्यात पहिल्या दहा फेऱ्या वेगवान असणारी गाडी आणि चाळिसाव्या फेरीला वेगवान असणारी गाडी वेगळ्या असतात. शेवटचा पल्ला लांब निघाला की दुसरीचं पारडं जड. मध्येच पिवळा झेंडा पडला तर पहिलीचं. हा जुगार क्रू चीफला आधीच खेळावा लागतो.

अबोली_रॅली

आमचं यंदा जायचं ठरलं! मुलं सहा आणि नऊ वर्षांची. काय काय न्यायचं, कुठे बसायचं?

शार्लटकर

वा! खालच्या रांगांत बसू नका. वरच्या रांगांतून पूर्ण ट्रॅक दिसतो, खालून गाड्या नुसत्या सपकन जातात आणि रबराचे कण अंगावर येतात. चौथ्या वळणाकडची वरची जागा मला सर्वात आवडते, तिथून पिट रोडही दिसतो. स्कॅनर भाड्याने घ्या. एखादा ड्रायव्हर निवडून त्याचा आणि क्रू चीफचा संवाद चारशे फेऱ्या ऐका, शर्यत दुप्पट कळते.

सुरुवातीच्या समारंभाला वेळेवर पोचा. या शर्यतीत प्रत्येक गाडीच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाच्या जागी युद्धात कामी आलेल्या एका सैनिकाचं नाव असतं. बऱ्याचदा त्या सैनिकाचं कुटुंबही हजर असतं. दुसरा टप्पा संपला की सगळ्या गाड्या पिट रोडवर थांबतात, इंजिनं बंद होतात आणि सगळं मैदान उभं राहतं. मुलांना आधी सांगून ठेवा कशासाठी ते.

पावसाची तयारी हवी. २०२४ ला २४९ फेऱ्यांनंतर पाऊस आला आणि शर्यत तिथेच संपवून क्रिस्टोफर बेलला विजेता जाहीर केलं. काइल लार्सन त्या दिवशी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत संपवून विमानाने इथे पोचला होता, हेल्मेट घालून तयार उभा, आणि त्याला एक फेरीही मिळाली नाही. २०२३ ची तर सोमवारी झाली. म्हणून सोमवारी दुसरा बेत ठेवू नका, सुट्टी असतेच. उलट २०२२ ला शेवटी शेवटी पिवळे झेंडे पडले म्हणून जादा फेऱ्या झाल्या, ४१३ फेऱ्या, ६१९.५ मैल. तेव्हा घरी पोचायला मध्यरात्र उलटेल हे धरूनच चला.

मृण्मयी, कॉनकॉर्ड

आणि कानांचं विसरू नकोस अबोली, हे सर्वात महत्त्वाचं. चाळीस व्ही-८ इंजिनांचा आवाज चार तास, लहान कानांना तो सोसत नाही. नुसते फोमचे बोळे मुलं काढून टाकतात, वर घट्ट बसणारे इअरमफ घाल. खाणंपिणं आत नेता येतं, पण कूलर आणि पिशव्यांची मापं ठरलेली असतात, ती ट्रॅकच्या साइटवर बघून घे. आम्ही पराठे आणि लिंबू सरबत नेतो. ऊन मावळेपर्यंत टोपी आणि सनस्क्रीन, नंतर एक पातळ जॅकेट. इअरमफ मात्र मुलांच्या मापाचे आत्ताच मागव, गेटवर लहान माप मिळेलच असं नाही.